औषधाच्या दुकानाला इन्स्पेक्टर, आणि दवाखान्याला कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात अधूनमधून एक बातमी असतेच, अमुक वस्तीत बोगस डॉक्टर पकडला, पालिका आणि पोलिसांच्या पथकाची धाड, 1961 च्या वैद्यक व्यवसायी कायद्याच्या कलम 33 खाली गुन्हा, आणि फोटोत टेबलावर स्टेथोस्कोप आणि औषधांचे खोके मांडून ठेवलेले. पकडला ते बरंच झालं. पण माझा प्रश्न त्या माणसाबद्दल नाहीये. त्याच गल्लीत ज्याची डिग्री एकदम खरी आहे, भिंतीवर सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय, संध्याकाळी रांग बाहेर फुटपाथपर्यंत येते, त्या डॉक्टरच्या दवाखान्यात आत काय चालतं, कसं चालतं, हे बघायला कधी कोणी जातं का हो? मी तरी आजवर कोणाला जाताना बघितलेलं नाही, आणि मी रोज तिथेच असते.

मी फार्मासिस्ट आहे, विक्रोळीला कन्नमवार नगरात मेडिकलच्या काउंटरवर उभी असते. आमच्याकडे एफडीएचा, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचा, इन्स्पेक्टर कधी येईल सांगता येत नाही. आला की पहिला प्रश्न, फार्मासिस्ट कुठेय? मग लायसन भिंतीवर लावलंय का, फ्रीजचं टेंपरेचर किती, इन्सुलिन कुठल्या कप्प्यात ठेवलंय, एक्सपायरीचा माल वेगळा काढलाय का, खरेदीची बिलं दाखवा. शिवाय 2014 पासून ते शेड्यूल एच1 चं रजिस्टर, म्हणजे काही ठराविक जोरदार अँटिबायोटिक, टीबीची औषधं, काही झोपेच्या गोळ्या विकल्या की डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध कोणतं, किती दिलं, सगळं लिहायचं आणि तीन वर्षं जपून ठेवायचं. कटकट आहे, संध्याकाळच्या गर्दीत तर जीव जातो, पण तक्रार नाही, असायलाच हवं. फक्त तीच गोळी वरच्या मजल्यावर डॉक्टर स्वतःच्या हाताने कागदाच्या पुडीतून देतात तेव्हा विचारणारं कोणी नसतं.

आणि हे कायद्यात नाहीच आहे असंही नाही बरं का. औषधांच्या नियमांत शेड्यूल के म्हणून एक प्रकार आहे, त्यात डॉक्टरला स्वतःच्या पेशंटला औषध द्यायची सूट दिलीय, पण अटी घालून. औषध लायसनवाल्याकडूनच घ्यायचं, खरेदीची नोंद ठेवायची, आणि शेड्यूल एच मधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायचं, औषध असेल तर पुडीवर डॉक्टरचं नाव-पत्ता आणि डोस लिहायचा, रजिस्टरमध्ये औषधाचं नाव, पेशंटचं नाव, तारीख लिहायची आणि ते रजिस्टर दोन वर्षं ठेवायचं. आता तुमच्या वाचकांनी आपापल्या घरातली पुडी काढून बघावी. कोरी असते. जास्तीत जास्त पेनाने एक-एक-एक असं लिहिलेलं, की सकाळ दुपार संध्याकाळ.

मागच्या पावसाळ्यात आमच्या एक नेहमीच्या गिऱ्हाईक आहेत, काकू, शुगरच्या पेशंट, त्यांना ताप आला आणि अंग दुखायला लागलं म्हणून जवळच्या दवाखान्यात गेल्या. तीन रंगांच्या सुट्या गोळ्या मिळाल्या, दोन दिवसांत टवटवीत झाल्या, डॉक्टरच्या हाताला गुण आहे म्हणून सगळ्या बिल्डिंगला सांगितलं, मग त्याच गोळ्या परत आणल्या, परत आणल्या, आणि एक दिवस चक्कर येऊन पडल्या. हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत शुगर प्रचंड वाढलेली निघाली. तिथल्या डॉक्टरने विचारलं कोणती औषधं चालू आहेत, मुलगा काय सांगणार? तो पुडी घेऊन धावत माझ्याकडे आला, ओळखून द्या म्हणाला. एक गोल पांढरी, एक छोटी गुलाबी, एक अर्धी तुटलेली पिवळट. स्ट्रिपमधून नाही, डब्यातून मोजून दिलेल्या. मला आकारावरून अंदाज येतो पण अंदाजावर कॅज्युअल्टीत काय सांगायचं, पांढऱ्या गोल गोळ्या शंभर तऱ्हेच्या असतात. त्यात शुगर वाढवणारं स्टेरॉईड असावं असं तिथल्या डॉक्टरांना वाटलं. खरंच होतं का ते शेवटपर्यंत कळलं नाही. काकू बऱ्या झाल्या आणि आता परत त्याच दवाखान्यात जातात, कारण तिथे फी कमी आहे आणि डॉक्टर नावाने हाक मारतात. मी त्यांना दोष देत नाही, आमच्या भागात नावाने हाक मारणारा डॉक्टर मिळणं पण सोपं राहिलेलं नाही.

आता कायदा कुठे कमी पडतो ते बघा, कारण लोकांना वाटतं पालिका सगळं बघते. नर्सिंग होमसाठी 1949 चा कायदा आहे, त्याच्या नियमांत 2021 साली सुधारणा झाली, पेशंटच्या हक्कांची सनद लावा, दरांचा तक्ता लावा, तक्रारीसाठी पालिकेने कक्ष आणि टोल फ्री नंबर ठेवा, असं बरंच चांगलं त्यात आलं. पण हा कायदा जिथे पेशंट ठेवून घेतात तिथे लागतो. ज्या दवाखान्यात खाट नाही तो यात बसतच नाही. आणि गंमत अशी की खाट असते! पडद्यामागे एक खाट असते, तिच्यावर डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत तासातासाला एकेक पेशंट सलाईन लावून झोपवलेला असतो, हुक भिंतीला ठोकलेला. पण ती कागदावर तपासायची खाट आहे, ॲडमिट करायची नाही. केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा एका डॉक्टरच्या छोट्या क्लिनिकलाही लागू होतो, पण तो महाराष्ट्राने घेतलेलाच नाही, आमचा स्वतःचा करू म्हणत इतकी वर्षं गेली. मेडिकल कौन्सिल बघतं ते डॉक्टरला, त्याच्या खोलीला नाही, दर पाच वर्षांनी रिन्यूअल, त्यासाठी 30 क्रेडिट पॉइंट, लेक्चरना बसा, सर्टिफिकेट आणा. 2025 मध्ये कौन्सिलने क्यूआर कोड काढला, स्कॅन केला की डॉक्टर खरा की खोटा ते कळतं. चांगलं आहे, पण डॉक्टर खरा आहे एवढंच कळतं, सुई नवी आहे का ते नाही कळत. दवाखान्यातल्या कचऱ्याचं काम प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. आणि बीपीचं मशीन वजनमापाच्या कायद्यात येतं, पण वजनमापवाले भाजीवाल्याचा काटा तपासतील, डॉक्टरच्या टेबलावरचं मशीन तपासलेलं मी कधी ऐकलं नाही, आणि त्या मशीनच्या आकड्यावर माणसं आयुष्यभराची गोळी सुरू करतात.

कोणी म्हणेल काही झालं तर ग्राहक कोर्ट आहे की, 1995 पासून डॉक्टरची सेवा त्यात येते. आहे, पण ते झाल्यानंतरचं. कौन्सिलकडे तक्रार केली तरी माणूस गेल्यावरच करतात ना लोक.

तपासायला गेलं तर काय बघायचं, हे मी काउंटरच्या या बाजूने सांगते. पहिला फ्रीज. लस 2 ते 8 डिग्रीत ठेवावी लागते, आणि कितीतरी छोटे गाळे असे आहेत की रात्री शटर ओढताना मेन स्विच बंद करून जातात, बिल वाचतं आणि शॉर्ट सर्किटची भीती नाही. मग त्या फ्रीजमधली धनुर्वाताची किंवा कुत्र्याची लस रात्रभर मुंबईच्या मे महिन्यात काय होत असेल? फ्रीजला थर्मामीटर आहे का आणि दिवसातून दोनदा कोणी लिहितं का, एवढं बघायला पाच मिनिटं लागतात. दुसरं सुई. मुंबईत डिस्पोजेबल सर्रास वापरतात हे मी मान्य करते, विक्री आमच्याकडूनच होते ना. पण एकाच मोठ्या बाटलीत वापरलेली सुई परत घालणं, सिरिंज तीच ठेवून सुई बदलणं, हे बाहेरून दिसत नाही. शेजारच्या गुजरातेत मोडासाला 2009 साली वापरलेल्या सिरिंजमुळे कावीळ ब पसरली आणि कितीतरी लोक दगावले. 2018 ला उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊला एकच सुई वापरणाऱ्या माणसामुळे एचआयव्ही पसरल्याचं उघड झालं, तेव्हा सगळे म्हणाले झोलाछाप डॉक्टर, आपल्याकडे नाही होणार. तिसरं, इंजेक्शनची रिॲक्शन आली तर ॲड्रेनालिनची अँप्युल आहे का, ती कुठल्या साली एक्सपायर झाली, आणि ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी कुठे असते ते कंपाउंडरला माहीत आहे का. चौथं कचरा. 2016 च्या नियमांप्रमाणे पिवळी पिशवी, लाल पिशवी, सुयांसाठी न टोचणारा पांढरा डबा, काचेसाठी निळा खोका, हे छोट्या दवाखान्यालाही लागू आहे, पण आमच्या इमारतीच्या ओल्या कचऱ्याच्या डब्यातून सफाईवाल्या बाईंना सुई टोचली तेव्हा ती कोणाची म्हणून विचारायला गेलं तर तीन दवाखाने आणि एक लॅब, सगळे म्हणाले आमची नाही.

चिठ्ठीवरच्या अक्षराबद्दल काय बोलू. 2016 पासून नियम आहे की औषधाचं जेनेरिक नाव वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटलमध्ये लिहावं. आम्ही अजून फोन करून विचारतो, डॉक्टर हे काय आहे, आणि तिकडून ओरडा खातो.

पण हे सगळं झालं सामान. फ्रीज, सुई, डबे, भिंतीवरचा बोर्ड, हे सगळं फर्स्टक्लास असलं आणि उपचारच चुकीचा असला तर काय फायदा? म्हणून टीबीचं सांगते, कारण मुंबईत टीबीचं काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे. 1991 च्या एका अभ्यासात धारावीतल्या 100 खासगी डॉक्टरांनी टीबीसाठी 80 वेगवेगळी कॉम्बिनेशन लिहून दिली होती. मग 2010 मध्ये डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत तसंच परत करून बघितलं, 106 डॉक्टर, 63 वेगवेगळ्या चिठ्ठ्या, आणि बरोबर फक्त 6 जणांची. मधे वीस वर्षं गेली होती, सरकारचे पोस्टर गावभर लागले होते. त्यानंतर मुंबई आणि पाटण्यात संशोधकांनी शिकवून तयार केलेले खोटे पेशंट पाठवले, ठरवून दिलेला खोकला आणि ठरवून दिलेली लक्षणं घेऊन, बाराशेच्या वर दवाखान्यांत, आणि 2018 मध्ये जे छापून आलं त्यात साधारण 35 टक्के वेळाच पेशंटला योग्य मार्गाला लावलं होतं. बाकीच्यांना कफ सिरप, अँटिबायोटिक, आणि दोन दिवसांनी या.

हे 35 टक्के वाचून मला आश्चर्य वाटलं नाही, कारण उरलेल्या 65 टक्क्यांच्या चिठ्ठ्या माझ्याकडेच येतात. तीन आठवडे खोकला असलेल्या माणसाला तिसऱ्यांदा वेगळं अँटिबायोटिक, थुंकीची तपासणी नाही, एक्स-रे नाही. मी सांगितलं काका पालिकेच्या दवाखान्यात जाऊन थुंकी तपासून घ्या, फुकट आहे, तर काका म्हणतात तुम्ही डॉक्टर आहात का. आणि त्यांचं पण बरोबर आहे.

मला या खोट्या पेशंटची आयडिया फार आवडली. इन्स्पेक्टर येणार कळलं की कोणीही झाडून घेतो, आमच्याकडे पण धावपळ होते, खोटं कशाला बोलू. पण तपासणारा पेशंट बनून रांगेत बसला तर खरं काय ते कळतं, डॉक्टरने हात लावून तपासलं का, किती दिवसांपासून विचारलं का, औषधाचं नाव सांगितलं का.

इंग्लंडमध्ये दवाखाने तपासायला एक वेगळी सरकारी संस्था आहे, केअर क्वालिटी कमिशन. तिथल्या गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यालाही 2013 पासून तिच्याकडे नाव नोंदवावं लागतं, 2014 पासून ग्रेड मिळते, उत्कृष्ट, चांगला, सुधारणा हवी, आणि अपुरा, आणि 2015 पासून ती ग्रेड पेशंटला दिसेल अशी दवाखान्यात लावणं सक्तीचं. पाच प्रश्न विचारतात, सुरक्षित आहे का, उपचार लागू पडतात का, माणसं आपुलकीने वागतात का, गरजेला उपलब्ध आहेत का, आणि कारभार नीट आहे का. मला त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट वाटली ती म्हणजे तपासायला नुसता साहेब येत नाही, टीममध्ये दुसरीकडे प्रॅक्टिस करणारा डॉक्टर असतो, आणि ते फाइली उघडून बघतात, की जे पेशंट धोक्याच्या गोळ्यांवर आहेत, रक्त पातळ करायची, संधिवाताची मेथोट्रेक्सेट, त्यांची रक्ततपासणी वेळेवर झाली का. आमच्याकडे मेथोट्रेक्सेट लोक वर्षानुवर्षं जुन्या चिठ्ठीवर मागतात, आणि आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी रोज घेतली तर माणूस मरू शकतो.

तिकडे सगळं छान आहे असं मात्र कोणी समजू नये. 2024 मध्ये त्यांच्याच आरोग्यमंत्र्याने ही संस्था कामाला लायक राहिली नाही असं जाहीर सांगितलं, तपासण्या रखडलेल्या, काही ठिकाणी वर्षानुवर्षं कोणी फिरकलेलं नाही, आणि डॉक्टर म्हणतात फॉर्म भरण्यात दिवस जातो. म्हणजे नक्कल करायची तर ती पण बघून करावी.

डॉक्टरांची बाजू मला कळते, रोज फोनवर भांडतो पण कळते. गाळ्याचं भाडं, शंभर-दोनशे फी, त्यात औषध पण द्यायचं नाहीतर पेशंट दुसरीकडे जातो, एका संध्याकाळी पन्नास-साठ पेशंट, आणि वर कोणीतरी वही घेऊन येणार. त्यांची खरी भीती वेगळी आहे, आणि ती मी पण ओळखते, की तपासणी म्हणजे पाकीट. जो देईल तो पास. कट प्रॅक्टिस, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन घेणं, थांबवायचा कायदा 2017 मध्ये मसुद्यापर्यंत आला आणि तिथेच बसला, त्यामुळे डॉक्टरांना सरकारच्या नियतवर भरवसा नाही आणि पेशंटला दोघांच्याही नाही.

म्हणून मला वाटतं पालिकेने सुरुवात स्वतःपासून करावी. 2022 पासून पालिकेचे ‘आपला दवाखाना’ नावाचे दवाखाने सुरू झाले, 147 तपासण्या मोफत, सकाळी 7 ते रात्री 10 दोन शिफ्टमध्ये, गरिबाला खरंच उपयोग होतो, मी स्वतः लोकांना पाठवते. सरकारी केंद्रांसाठी केंद्राचे एनक्यूएएस नावाचे दर्जाचे निकष आहेतच, 70 टक्के मार्क मिळाले तर सर्टिफिकेट. मग प्रत्येक आपला दवाखान्याला किती मार्क मिळाले, आणि कशात कमी मिळाले, हे त्याच पोर्टा केबिनच्या दारावर मराठीत लावा ना. औषध संपलंय, मशीन बंद आहे, डॉक्टर बदलून गेले, हे पण लावा. स्वतःचे मार्क दाखवल्यावर खासगीवाल्याला सांगायला तोंड राहील.

खासगी दवाखान्यांसाठी निदान एवढं तरी व्हावं की वॉर्डातल्या सगळ्या दवाखान्यांची यादी वॉर्डच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे असावी. आज किती दवाखाने आहेत हेच वॉर्ड ऑफिसात विचारलं तर प्रत्येक टेबल दुसऱ्या टेबलाकडे पाठवतं. मग दोन वर्षांतून एकदा भेट, सोबत दुसऱ्या वॉर्डातला प्रॅक्टिस करणारा डॉक्टर आणि एक फार्मासिस्ट, आणि पहिल्या भेटीत दंड नाही. फ्रीज बंद होता, थर्मामीटर लावा, महिन्याने परत येतो. पुडीवर नाव नाही, लिहायला लागा. सुधारलं तर तसं दारावर लिहा, नाही सुधारलं तर ते पण लिहा. पुडीवर नाव लिहायला तर नवीन कायदा पण नको, शेड्यूल के आहेच, एफडीएने एक पत्रक काढून दहा ठिकाणी जाऊन बघितलं तरी उरलेले आपोआप लिहायला लागतील, मुंबईत बातमी औषध कंपन्यांच्या एमआरच्या बॅगेतून संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोचते.

संपादक साहेब, तुमच्या वार्ताहराला एकच काम सांगावं ही विनंती. पालिकेच्या आरोग्य खात्याला आणि एफडीएला लेखी विचारावं, की खाट नसलेल्या दवाखान्याची आतून तपासणी करायचं काम नेमकं कोणत्या अधिकाऱ्याचं, त्याचं पद काय, आणि मागच्या वर्षभरात मुंबईत अशा किती दवाखान्यांना भेट दिली. उत्तर आलं तर ते छापा, आणि नाही आलं तर नाही आलं असं छापा.

आपली,
एक फार्मासिस्ट, कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व)

ता.क. नाव छापू नये ही विनंती, डॉक्टर वरच्याच मजल्यावर बसतात आणि तुमचा पेपर त्यांच्या वेटिंगमध्ये येतो.